फ्रिजमधला सेन्सर म्हणतो ४.८ अंश. पण हे कधीचं?

माझी मावशी अकोल्यात राहते. तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि तिची इन्सुलिनची न उघडलेली काड्यापेटीएवढी खोकी फ्रिजमध्ये असतात. अकोल्याचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. ४४-४५ अंश तिथे बातमी होत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तिच्या फ्रिजमध्ये एक छोटा वायरलेस तापमान सेन्सर ठेवला, तो घरातल्या स्मार्ट होम हबला जोडला आणि पुण्यात बसून फोनवर फ्रिजचं तापमान बघायला लागलो.

मे महिन्यातच एका रात्री तिचा फोन आला. ‘अरे, दूध नासलं रे फ्रिजमधलं. दिवसभर लाइट नव्हती.’ मी फोनवर ॲप उघडलं. ४.८ अंश. ‘मावशी, फ्रिज तर गार आहे,’ मी म्हणालो. ती म्हणाली, ‘मग हे पातेलं काय खोटं बोलतं का?’

पातेलं खरं बोलत होतं. मी तापमानाचा आलेख उघडला तेव्हा सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ रेघ होती. सेन्सरचा हबशी संपर्क सकाळीच तुटला होता आणि हब मला दिवसभर शेवटचा मिळालेला आकडा दाखवत होता. त्या दहा तासांत आत किती तापलं हे कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की, किती तापलं हे सांगता येत नसेल तर जोखीम नको. तीन खोकी टाकून दिली.

सेन्सर हबला जोडणं हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि इंटरनेटवर त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. पण जोडलेला सेन्सर गप्प झाला तर ते आपल्याला कळेल का, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. म्हणून जोडणी समजून घेताना तोच प्रश्न हाताशी ठेवूया.

सेन्सर हबशी बोलतो कसा?

बाजारात मिळणारे घरगुती तापमान सेन्सर मुख्यतः तीन भाषांत बोलतात: वायफाय, ब्लूटूथ आणि झिग्बी. वायफायवाल्याला हब लागत नाही, पण वायफाय बॅटरी खातं आणि बहुतेकदा आकडा कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून तुमच्याकडे येतो. ब्लूटूथवाला स्वस्त असतो, मात्र ऐकणारं यंत्र जवळ लागतं. झिग्बी खास अशाच कामासाठी बनलेली आहे: थोडीशी माहिती, अधूनमधून, अगदी कमी विजेत. म्हणून नाण्याएवढ्या बॅटरीवर झिग्बी सेन्सर वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतो.

तो इतका काळ चालतो कारण बहुतेक वेळ तो झोपलेला असतो. मधूनच जागा होतो, तापमान बघतो, आधीपेक्षा अर्धा अंश किंवा असाच काही फरक पडला असेल तर कळवतो, नाहीतर पुन्हा झोपतो. काहीच बदललं नाही तरी ठरावीक वेळाने, साधारण तासाभराने, एकदा हजेरी लावतो. नेमके आकडे प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात. म्हणजे सेन्सरकडून काही न येणं ही त्याची नेहमीची अवस्था आहे. झोपलेला सेन्सर आणि मेलेला सेन्सर हबला काही काळ सारखेच दिसतात. सगळी गोम इथेच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे झिग्बी सेन्सर दरवेळी थेट हबशी बोलतोच असं नाही. हब बाहेरच्या खोलीत आणि फ्रिज स्वयंपाकघरात असेल तर मध्ये एखादा स्मार्ट प्लग किंवा स्मार्ट बल्ब दुवा होतो. सेन्सर आपला निरोप त्याच्याकडे देतो आणि तो पुढे हबकडे पोचवतो. असं जाळं आपोआप विणलं जातं. पण दुवा होण्याचं काम कायम विजेवर असलेली उपकरणंच करतात. बॅटरीवाला सेन्सर दुसऱ्या सेन्सरचा निरोप पोचवत नाही. त्यामुळे घरात दहा बॅटरीवाले सेन्सर आणले म्हणून जाळं मजबूत होत नाही, एक स्मार्ट प्लग लावला की होतं.

परदेशातून कुणी नातेवाईक येताना ‘काही आणू का?’ विचारतात, त्यांच्यासाठी एक सूचना. झिग्बी २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि ती जगभर सारखीच आहे, तिकडून आणलेला सेन्सर इथे चालतो. झेड-वेव्ह नावाचं दुसरं तंत्र मात्र देशोदेशी वेगळ्या लहरी वापरतं, अमेरिकेत ९०८.४ मेगाहर्ट्झ, भारतात ८६५.२. अमेरिकेतून आणलेला झेड-वेव्ह सेन्सर इथल्या हबशी बोलणार नाही.

जोडण्याआधी दोन गोष्टी

मी होम असिस्टंट वापरतो. हे मोफत सॉफ्टवेअर आहे, रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर चालतं आणि झिग्बीसाठी त्याला एक यूएसबी डोंगल लावावं लागतं. तुमच्याकडे एखाद्या कंपनीचा तयार हब असेल तर पडद्यावरची बटणं वेगळी दिसतील, तत्त्व तेच.

पहिली गोष्ट डोंगलची. ते संगणकाच्या निळ्या यूएसबी पोर्टात थेट खोचू नका. निळी पोर्ट म्हणजे यूएसबी ३, आणि चालू असताना ती २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करते. डोंगल त्या गोंगाटात बहिरं होतं. काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टात एक मीटरभर लांबीची एक्स्टेंशन वायर लावून डोंगल तिच्या टोकाला ठेवा. ‘सेन्सर जोडला जातो पण टिकत नाही’ अशा कितीतरी तक्रारी शंभर-दीडशे रुपयांच्या या वायरने मिटतात.

दुसरी गोष्ट चॅनेलची. वायफाय आणि झिग्बी एकाच पट्ट्यात राहतात, आणि वायफायचा आवाज मोठा. झिग्बीचे ११ ते २६ असे सोळा चॅनेल आहेत. वायफाय राउटर १ नंबरच्या चॅनेलवर कायम केला आणि झिग्बीला २५ दिला तर दोघे एकमेकांपासून लांब राहतात. (२६ त्याहून लांब आहे, पण काही उपकरणं त्यावर नीट चालत नाहीत.) हे आधीच ठरवा. नंतर चॅनेल बदलला तर झोपाळू सेन्सर हरवतात आणि एकेक करून पुन्हा जोडावे लागतात.

प्रत्यक्ष जोडणी

हबच्या ॲपमध्ये ‘उपकरण जोडा’ असा पर्याय असतो. तो दाबला की काही मिनिटांसाठी जाळ्याचं दार उघडतं. मग सेन्सरवरचं बारीक बटण साधारण पाच सेकंद दाबून धरा. दिवा लुकलुकू लागला की सोडा. काही सेन्सरना बटणाऐवजी छोटं भोक असतं, त्यात सिमकार्डची पिन घालावी लागते. हब सेन्सरला ओळखतो आणि त्याला प्रश्न विचारायला लागतो: तू कोण, काय मोजतोस, बॅटरी किती? ही मुलाखत अर्धा-एक मिनिट चालते, आणि नेमका तेव्हाच सेन्सर झोपी जातो. म्हणून मुलाखत पुरी होईपर्यंत दर एक-दोन सेकंदांनी बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबत राहा, म्हणजे तो जागा राहील. दाबून मात्र धरू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

सेन्सर जिथे राहणार आहे तिथेच उभं राहून हे करा. हबशेजारी जोडून मग स्वयंपाकघरात नेलेला सेन्सर नवा दुवा शोधेलच याची खात्री नाही. काही मॉडेल एकदा धरलेला दुवा सोडायला तयार नसतात. आधी स्मार्ट प्लग जोडायचा, मग सेन्सर, हा क्रमही त्यासाठीच.

काम झालं की उघडलेलं दार बंद झालंय ना ते बघा. झिग्बीचे निरोप सांकेतिक भाषेत जातात, पण नव्या उपकरणाला जाळ्याची किल्ली देताना वापरली जाणारी सर्वसाधारण किल्ली जगजाहीर आहे. दार उघडं ठेवण्याचं काही कारण नाही.

आणि नाव नीट द्या. हबने दिलेलं आकड्या-अक्षरांचं नाव सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही. ‘मावशी फ्रिज दार’ हे नाव रात्री दोन वाजताही कळतं.

फ्रिज ही सोपी जागा नाही

खोलीतला सेन्सर भिंतीला चिकटवला की संपलं. फ्रिज म्हणजे लोखंडी पेटी. रेडिओ लहरी बाहेर पडतात त्या मुख्यतः दाराच्या रबरी पट्टीतून. म्हणून सेन्सर दाराच्या कप्प्यात किंवा मधल्या फळीवर पुढच्या बाजूला ठेवा. न उघडलेल्या इन्सुलिनसाठीही हीच जागा बरी. तिला २ ते ८ अंश लागतात आणि ती गोठता कामा नये. एकदा गोठलेली इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखी दिसली तरी वापरायची नाही. आपल्याकडच्या एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीझरच्या खालचा चिल ट्रे आणि मागची भिंत शून्याच्या जवळ जाते. मावशी खोकी नेमकी चिल ट्रेमध्ये ठेवायची, ‘तिथे जास्त गार असतं म्हणून.’ उन्हाची भीती सगळ्यांना असते, थंडीची कुणाला नसते.

दार उघडलं की हवेचं तापमान लगेच चढतं, पण औषध इतक्या लवकर तापत नाही. नुसता सेन्सर ठेवला तर भाजी काढताना प्रत्येक वेळी तो घाबरेल. मी सेन्सर आणि इन्सुलिन एकाच लहान प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवतो, सोबत सिलिका जेलची पुडी. प्लॅस्टिकमधून लहरी जातात, दवाचं पाणी सेन्सरला लागत नाही, आणि जे तापमान औषधाला तेच सेन्सरला.

डब्यात ठेवण्याआधी त्याची परीक्षा घ्या. पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडंसंच पाणी घ्या, सेन्सर झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून त्यात बुडवा आणि अर्धा तास थांबा. विरघळणाऱ्या बर्फाचं तापमान शून्य असतं. सेन्सर ०.४ दाखवत असेल तर हबच्या सेटिंगमध्ये उणे ०.४ ची दुरुस्ती टाकता येते. दोन-तीन अंशांचा फरक दिसला तर सेन्सर परत करा.

थंडीत नाणे-बॅटरीचा दाब उतरतो, आणि हब टक्केवारी त्या दाबावरूनच काढतो. त्यामुळे फ्रिजमधल्या सेन्सरची बॅटरी नवी असूनही कमी दिसू शकते. मी दरवर्षी मार्च संपताना ती न बघताच बदलतो.

मग अकोल्यात चुकलं काय?

मावशीकडे इन्व्हर्टर आहे. हब आणि वायफाय राउटर मी मुद्दाम इन्व्हर्टरच्या लाइनवर लावले होते, म्हणजे लाइट गेली तरी मला दिसत राहील. फ्रिज अर्थातच इन्व्हर्टरवर नव्हता, बहुतेक घरांत नसतो. इथपर्यंत सगळं बरोबर. पण सेन्सर आणि हब यांच्यातला दुवा असलेला स्मार्ट प्लग मी स्वयंपाकघरात मिक्सरच्या पॉइंटला लावला होता, आणि तो पॉइंट इन्व्हर्टरवर नव्हता. सकाळी लाइट गेली, फ्रिज बंद पडला, त्याच क्षणी दुवाही बंद पडला. सेन्सर आत बसून तापमान चढताना बघत होता, सांगत होता, पण ऐकायला कुणी नव्हतं. हब मात्र जिवंत, इंटरनेट जिवंत, ॲप टवटवीत. ज्या प्रसंगासाठी ही यंत्रणा उभी केली, त्याच प्रसंगात ती हमखास आंधळी होईल अशी सोय मीच करून ठेवली होती.

आता तो प्लग इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आहे. जोडणी करताना कागदावर एक रेघ ओढा: सेन्सर, दुवा, हब, राउटर, आणि राउटरच्या आधीचा इंटरनेटवाल्याचा छोटा डबा. प्रत्येकापुढे ‘लाइट गेल्यावर?’ असं लिहा. एकाही ठिकाणी ‘बंद’ आलं तर बाकीच्यांचा उपयोग नाही. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारे छोटे १२ व्होल्टचे यूपीएस आणि हबसाठी तसाच एक वेगळा, एवढ्यावर काही तास निघतात.

गप्प बसण्याचीही सूचना हवी

बहुतेक लोक एकच सूचना लावतात: तापमान ८ च्या वर गेलं की फोन वाजव. मीही तेवढीच लावली होती. त्या दिवशी ती वाजली नाही, कारण हबच्या हिशोबाने तापमान ४.८ च होतं.

हब सेन्सरला ‘बेपत्ता’ ठरवतो, पण सावकाश. होम असिस्टंटच्या स्वतःच्या झिग्बी व्यवस्थेत बॅटरीवाल्या उपकरणासाठी मूळ मुदत सहा तासांची असते. झिग्बी-टू-एमक्यूटीटी नावाच्या दुसऱ्या लोकप्रिय व्यवस्थेत ती पंचवीस तासांची आहे, आणि ही तपासणी चालू आहे की नाही ते सेटिंगमध्ये जाऊन बघावं लागतं. दिवाणखान्यातल्या सेन्सरला हे ठीक आहे. औषधाला नाही.

फ्रिजच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. चालू फ्रिजचं तापमान कधीच स्थिर नसतं. कॉम्प्रेसर सुरू होतो, तापमान उतरतं; बंद होतो, चढतं. आलेख समुद्राच्या लाटांसारखा दिसतो. डब्यात ठेवल्यावर लाटा बुटक्या होतात, पण जात नाहीत. तेव्हा फ्रिजच्या आलेखात सरळ रेघ दिसली की समजायचं, आकडा कितीही छान असो, कुणीतरी बोलायचं थांबलंय. सेन्सर बसवल्यावर आठवडाभर आलेख नुसता बघा, दोन निरोपांमधलं सगळ्यात मोठं अंतर शोधा आणि त्याहून थोडी जास्त मुदत ठरवा. मावशीच्या फ्रिजमध्ये हे अंतर पन्नास मिनिटांचं निघालं, म्हणून मी दीड तास ठेवलाय. दीड तासात नवा आकडा आला नाही की फोन वाजतो.

तापमानाच्या सूचनाही मग दोन केल्या. ८ च्या वर सलग अर्धा तास, आणि २ च्या खाली सलग दहा मिनिटं. खालची मुदत लहान, कारण गोठलेल्या इन्सुलिनला दुसरी संधी नसते.

हबच बंद पडला तर काय? इन्व्हर्टरची बॅटरी संपली, इंटरनेटची तार तुटली, तर सूचना पाठवणारा कुणीच उरत नाही. यावर उपाय उलटा आहे. हबने दर पाच मिनिटांनी घराबाहेरच्या एखाद्या सेवेला ‘मी आहे’ एवढंच कळवायचं, आणि हे कळवणं थांबलं की त्या सेवेने मला ईमेल करायचा. अशा सेवा मोफत मिळतात आणि होम असिस्टंटमध्ये त्यासाठी चार-पाच ओळी लिहाव्या लागतात. सरकारी लसींच्या शीतसाखळीतही हाच विचार आहे. २०१५ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ई-विन योजनेत लसींच्या फ्रिजना सिमकार्डवाले तापमान नोंदक लावले गेले; मर्यादा ओलांडली की संबंधित कर्मचाऱ्याला एसएमएस जातो. घरच्या वायफायवर विसंबण्यापेक्षा स्वतःचं सिम असणं केव्हाही भक्कम, पण आपल्या घरगुती सेन्सरना ती सोय सहसा नसते.

सूचना कुणाला जाते हेही बघा. मला पुण्यात कळून मी काय करणार? आता तीच सूचना मावशीच्या शेजारच्या काकूंच्या मुलाच्या फोनवरही जाते. तो खाली येतो, डबा उचलतो आणि बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवतो, बर्फाला थेट लागणार नाही असा कापडात गुंडाळून. तोही नसेल तर मावशी डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवते. विदर्भातली कोरडी हवा निदान एवढं काम फुकट करते. तिथे २ ते ८ अंश मिळत नाहीत, पण काही तास निभावतात. वापरात घेतलेली इन्सुलिन तशीही बरेचदा ३० अंशांच्या आत चार आठवडे चालते; आपल्या प्रकाराची मुदत खोक्यातल्या कागदावर बघून घ्यावी.

हे सगळं लावल्यावर गेल्या दिवाळीत अकोल्याला गेलो तेव्हा दुपारी मेन स्विच पाडला. मावशी म्हणाली, ‘चकल्या तळायच्यात, आत्ताच सुचलं का तुला?’ फ्रिजमधली खोकी आधीच बर्फात काढून ठेवली होती. डब्याचं तापमान ८ च्या वर जाऊन अर्धा तास टिकायला पावणेतीन तास लागले, आणि मग माझा व शेजारच्या मुलाचा फोन एकाच वेळी वाजला. मेन चालू केला, मग सेन्सरची बॅटरी काढून ठेवली. दीड तासाने पुन्हा दोन्ही फोन वाजले. शेवटी हबची वायर उपसली. दहा मिनिटांत ईमेल आला, पण मी तो संध्याकाळी बघितला, कारण ईमेलचा आवाज मी बंद ठेवलेला असतो. त्या एका पत्त्यावरून येणाऱ्या ईमेलला आता वेगळी, मोठी घंटा लावली आहे.